कैसराचें नाणें व कैसराची वेदी

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत उपदेशकांस एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं दुकानदार आपल्या तिजोरींतले रुपये पाटावर मांडतो, त्यांस हळदकुंकू वाहतो, आणि दोन दिवसांनीं त्यांतलाच एखादा रुपया मजुरीच्या पैशांत आपल्या हातीं येतो. तो घ्यावा कीं न घ्यावा? कोणी म्हणतो, घामाचा पैसा आहे, त्यास कसला विटाळ. कोणी तो मुकाट्यानें घेतो व घरीं येऊन पाण्यानें धुतो. धुणारास हसावें असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. त्याच्या मनांत जो प्रश्न आहे तो खरा आहे. ज्या वस्तूवर आपण असत्य समजतों अशा गोष्टीची छाप बसली आहे, ती वस्तु वापरणारा त्या असत्यांत भागीदार होतो काय?

ह्या प्रश्नाचा एक फार प्रसिद्ध दाखला आपण पवित्र शास्त्रांत अनेकदां वाचला आहे. प्रभूला बोलण्यांत धरण्यासाठीं लोक आले; कैसरास कर द्यावा कीं न द्यावा असें त्यांनीं विचारलें; आणि त्यानें त्यांच्याकडूनच एक नाणें मागून घेऊन, ह्यावर मुख कोणाचें व लेख कोणाचा, असें त्यांस उलट विचारलें. ही गोष्ट आपणांस तोंडपाठ आहे. पण तें नाणें आपण पाहिलेलें नसतें, आणि नाणें पाहिल्यावांचून प्रश्नाची धार कळत नाहीं. म्हणून प्रथम तें नाणेंच हातांत घेऊं.

त्याचें नांव देनारियस. संस्कृतांत सोन्याच्या नाण्यास जो 'दीनार' शब्द आहे तो ह्याच शब्दावरून आला. म्हणून आपणही त्यास दिनारच म्हणूं. रोमी लोकांनीं तें प्रथम ख्रिस्तपूर्व २११ च्या सुमारास, कार्थेजशीं चाललेल्या मोठ्या युद्धाच्या ओढाताणींत पाडलें. प्रभूच्या काळीं त्याचें वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें होतें. रुंदीला तें आपल्या जुन्या चांदीच्या पावलीएवढें, जाडीला थोडें अधिक. चांदी जवळजवळ शुद्ध. द्राक्षमळ्यांत दिवसभर राबणारास एक दिनार मिळे. औगुस्त कैसराच्या शिपायास वर्षाचे २२५ मिळत, आणि त्यांतूनही अन्नवस्त्राचे कापून घेत. नाणें पाडण्याची रीत साधी होती. एक ठसा खालीं ऐरणींत बसविलेला, दुसरा कारागिराच्या हातांत, मध्यें चांदीची चकती, आणि वरून घणाचा घाव. घाव थोडा तिरपा पडला कीं राजाचें नाक नाण्यावर येई आणि मुकुट बाहेर राही. अशीं नाणीं आजही पदार्थसंग्रहालयांत पुष्कळ दिसतात.

प्रभूपुढें आणलेलें नाणें तिबिर्य कैसराचें असावें असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. लूकाच्या शुभवर्तमानांत ज्याचें नांव आहे तोच हा, ह्यानें इ. स. १४ पासून ३७ पर्यंत राज्य केलें. त्याचें चांदीचें नाणें गॉल देशांतील लुग्दुनुम, म्हणजे हल्लींचें फ्रान्सांतील लियों, येथील टांकसाळींत पडे, आणि त्याचा नमुना वर्षानुवर्षें बदलला नाहीं. एका बाजूस कैसराचें उजवीकडे पाहणारें मुख, मस्तकावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, आणि भोंवतीं लेख: तिबिर्य कैसर, देव औगुस्ताचा पुत्र, औगुस्त. दुसऱ्या बाजूस आसनावर बसलेली एक स्त्री, एका हातांत राजदंड, दुसऱ्यांत डहाळी. कोणी तिला शांतिदेवता म्हणतात, कोणी कैसराची आई लिविया म्हणतात. तिच्याभोंवतीं कैसराचीच आणखी एक पदवी आहे: प्रमुख याजक.

आतां यहूदी मनुष्याच्या जागीं उभे राहून हें नाणें वाचा. एक बाजू सांगते कीं मेलेला एक राजा देव झाला आणि हा त्या देवाचा पुत्र आहे. दुसरी बाजू सांगते कीं हाच याजकांचा प्रमुख आहे. हें कोठें वाचलें जात होतें? यरुशलेमांत, मंदिराच्या आवारांत, ज्याला खरोखर देवाचा पुत्र म्हणावें त्याच्या तळहातावर. दोन तोंडांच्या एवढ्याशा चकतीवर ह्याहून मोठें असत्य मावणार नाहीं.

राजाचें मुख नाण्यावर असणें आपणांस स्वाभाविक वाटतें. आपल्या पणज्यांच्या गळ्यांत राणीछाप रुपयांच्या माळा असत, आणि १९५० मध्यें अशोकाच्या सिंहांची मुद्रा येईपर्यंत आपल्या रुपयावर राजाचेंच मुख असे. रोमांत मात्र हें स्वाभाविक नव्हतें. दिनार निघाल्यापासून दीडशेंहून अधिक वर्षें त्यावर देवतांचीं, पुराणपुरुषांचीं व कधीं मृत पूर्वजांचीं मुखें असत. जिवंत मनुष्याचें मुख रोमाच्या टांकसाळींत कोणी घालीत नसे. कारण तें राजेपणाचें चिन्ह, आणि राजा हा शब्दच त्या लोकांस शिवीसारखा वाटे. ख्रिस्तपूर्व ४४ च्या आरंभीं जूलियस कैसराचें मुख नाण्यावर आलें. त्याच वर्षीं १५ मार्च रोजीं त्याचा वध झाला. नाण्यामुळेंच झाला असें नव्हे, पण मारणारांच्या मनांत जी भीति होती तिचा पुरावा प्रत्येकाच्या कशांत खुळखुळत होता.

आतां पुढील गोष्ट पाहा. मारणारांचा पुढारी ब्रूटस. स्वातंत्र्यासाठीं खून केला असें तो म्हणे. सुमारें दोन वर्षांनीं त्यानें आपल्या फौजेच्या पगारासाठीं दिनार पाडले. त्यांच्या एका बाजूस दोन खंजीर, मध्यें बंधमुक्त झालेल्या गुलामास देण्यांत येणारी टोपी, व खालीं मार्च महिन्यांतील त्या दिवसाचें नांव. आणि दुसऱ्या बाजूस कोण? ब्रूटस स्वतः. जिवंत मनुष्याचें मुख नाण्यावर नको म्हणून ज्या हातानें खंजीर उचलला, त्याच हातानें आपलें मुख चांदींत ठोकलें. ह्या नाण्यांतील थोडींच आज उरलीं आहेत, आणि जगांतील अत्यंत महाग नाण्यांत त्यांची गणना होते. आम्हांस वाटतें, नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास त्यांतलें एक पुष्कळ ग्रंथांपेक्षां अधिक शिकवील.

त्या काळीं वर्तमानपत्रें नव्हतीं. राजास जें जगाला सांगावयाचें तें तो नाण्यावर सांगे, आणि तें ब्रितानियापासून मिसरापर्यंत हातोहात जाई. कधीं तें खरें असे. इ. स. ७० मध्यें यरुशलेम पडल्यावर वेस्पाशियन कैसराच्या दिनारांवर विजयस्तंभाजवळ बसून शोक करणारी स्त्री आली, व तिच्याखालीं यहूदा देशाचें नांव. ही बातमी दुर्दैवानें खरी होती. पण काराकाल्लाचें पाहा. इ. स. २०२ मध्यें प्लौतिल्ला नांवाच्या मुलीशीं त्याचें लग्न लावण्यांत आलें. दिनारांवर नवराबायकोचे हात एकमेकांत गुंतलेले, आणि लेख 'एकोपा'. प्रत्यक्षांत त्यास तिचा तिटकारा होता. २०५ मध्यें तिच्या बापाचा वध झाला, तिला लिपारी बेटावर धाडण्यांत आलें, आणि काराकाल्ला गादीवर बसल्यावर तिलाही ठार मारण्यांत आलें. एकोप्याचीं तीं नाणीं मात्र बाजारांत चालतच राहिलीं, आणि त्यांनीं तेल, मीठ व धान्य पूर्वीइतकेंच मिळे.

अशा नाण्याशीं धर्मभीरु मनुष्यानें कसें वागावें? यहूदी लोकांत ह्याचीं दोन टोकें दिसतात. तल्मूदांत सिमाईचा पुत्र मनहेम नांवाच्या एका शास्त्र्याविषयीं सांगितलें आहे कीं तो नाण्यावरील चित्राकडे दृष्टि सुद्धां टाकीत नसे, म्हणून त्यास पवित्र जनांचा पुत्र म्हणत. दुसऱ्या टोकास यरुशलेमाचें मंदिरच होतें. मंदिराचा वार्षिक अर्धा शेकेल तूर नगराच्या चांदींत भरावा लागे, कारण तिचा कस भरंवशाचा होता. त्या तूरी नाण्यावर मुख कोणाचें? मेल्कार्त नांवाच्या तूरच्या देवतेचें, पाठीमागें गरुड. म्हणजे ज्या मंदिरांत मूर्तीस प्रवेश नव्हता, त्याच्या भांडारांत परदेशी देवतेचीं मुखें राशीनें पडलेलीं होतीं. मंदिराच्या कारभाऱ्यांनीं कस पाहिला, मुख पाहिलें नाहीं. आम्ही त्यांस ढोंगी म्हणणार नाहीं. देवास द्यावयाचें तें खऱ्या वजनाचें असावें ही त्यांची काळजी कांहीं खोटी नव्हती. पण ह्याच लोकांपैकीं कांहींजण कैसराच्या मुखावरून प्रभूस कोंडींत धरावयास आले, हें मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

प्रभूनें मनहेमाचा मार्ग सांगितला नाहीं. नाणें त्यानें फेंकूनही दिलें नाहीं. ज्याचा शिक्का त्याचें नाणें, तें त्यास परत करा, आणि देवाचें जें आहे तें देवास द्या, असा त्याच्या उत्तराचा भाव आहे. ह्या उत्तरावरून कित्येक असें समजतात कीं जगाचे दोन भाग झाले, एक सरकारचा व एक देवाचा, आणि सरकारच्या भागांत आपणांस कांहीं विचारावयाचें कारण नाहीं. हा अर्थ आम्हांस मान्य नाहीं. आरंभींच्या ख्रिस्ती मंडळीनें तो तसा घेतला नाहीं, हें पुढील गोष्टीवरून दिसतें.

इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांतावर प्लिनी नांवाचा अधिकारी होता. त्याच्यापुढें ख्रिस्ती म्हणून आरोप आलेल्या लोकांस तो कसा पारखी, हें त्यानें स्वतः त्राजान कैसरास लिहून कळविलें, आणि तें पत्र उपलब्ध आहे. आपण ख्रिस्ती नाहीं असें जे म्हणत त्यांच्यापुढें त्यानें देवांच्या मूर्तींबरोबर त्राजानाची मूर्ति आणविली. त्यांनीं तिला धूप व द्राक्षारस अर्पावा आणि ख्रिस्ताची निंदा करावी. खरे ख्रिस्ती असतात त्यांच्याकडून ह्यांतलें कांहींच करवतां येत नाहीं असें आपण ऐकलें आहे, असेंही तो लिहितो. आतां विचार करा. ह्या माणसांच्या कमरेला त्याच त्राजानाचे दिनार होते. 'उत्तम राजा' अशी पदवी त्यांवर कोरलेली. त्याच नाण्यांनीं त्यांनीं सकाळीं भाकर घेतली असेल. कशांतलें मुख त्यांनीं चालवून घेतलें, आणि तेंच मुख वेदीवर आल्याबरोबर त्यांनीं नकार दिला व त्यासाठीं प्राण दिले. मुख एकच, राजा एकच, मग भेद कोठें?

आमच्या मतें भेद वस्तूंत नाहीं, मागणींत आहे. नाणें हातांतून जातांना तुमच्याजवळ कांहीं कबुली मागत नाहीं. तुम्ही त्यावर विश्वास ठेवा अथवा ठेवूं नका, तें तितकेंच धान्य आणतें. वेदीवरचा धूप मात्र धान्य आणीत नाहीं. त्याचें सर्व मोल कबुलींतच आहे. कबुली काढून घेतली तर ती चिमूटभर राळ आहे.

ह्याचा पडताळा पाहिजे असेल तर तो आपल्या देशांतच आहे. तिबिर्याचे हेच दिनार जहाजांतून हिंदुस्थानांत आले. त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवृत्तांत भडोच बंदरांत येणाऱ्या मालाच्या यादींत सोन्याचांदीचे दिनार आहेत, आणि ते स्थानिक नाण्यांशीं बदलल्यास नफा होतो असेंही लिहिलें आहे. भडोचेंतून आमच्या पैठण व तेर नगरांशीं व्यापार चाले. दक्षिणेंत कोइमतूरच्या बाजूस व आंध्रांत ह्या दिनारांचे साठे सांपडले, आणि त्यांत औगुस्त व तिबिर्य ह्यांचींच नाणीं फार. आमच्या देशच्या व्यापाऱ्यानें तिबिर्यास देवाचा पुत्र मानलें काय? त्यानें चांदी तोलली. कित्येक रोमी नाण्यांवर, विशेषतः सोन्याच्या, राजाच्या मुखावर छिन्नीचा आडवा घाव घातलेला आढळतो. धातूची पारख करण्यासाठीं कीं नाणें चलनांतून काढण्यासाठीं, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पण घाव घालणाराच्या मनांत त्या मुखाविषयीं भक्ति नव्हती एवढें उघड आहे.

येथवर वाट सोपी आहे. आतां कठीण जागा येते, आणि ती टाळून पुढें जाणें बरें नव्हे. मंदिर जळाल्यावर वेस्पाशियनानें असा हुकूम केला कीं यहूदी लोक जो अर्धा शेकेल यरुशलेमाच्या मंदिरास देत होते, त्याऐवजीं प्रत्येक यहूद्यानें दरसाल दोन दिनार रोमांतील ज्युपितर देवतेच्या मंदिरासाठीं द्यावे. हा कर होता कीं अर्पण? कैसराचें मुख नाण्यावर, आणि पैसा कोणत्या दारीं जाणार हेंही उघड सांगितलेलें. तो कर कैक पिढ्या यहूद्यांनीं भरला. त्यांनीं मूर्तिपूजा केली असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. बळानें काढून घेतलेल्या पैशास अर्पण हें नांव लुटणारानें दिलें, म्हणून तें अर्पण होत नाहीं. तथापि ज्यास हे दोन दिनार मोजतांना रात्रभर झोंप आली नसेल, त्याचें मन आम्हांस बेफिकीर मनापेक्षां अधिक निरोगी वाटतें. पुढें दोमितियनानें हा कर फार कडकपणें उगविला. ९६ मध्यें नेर्वा गादीवर आला तेव्हां त्यानें पितळेच्या मोठ्या नाण्यावर खजुराचें झाड घालून जाहीर केलें कीं यहूदी कराच्या नांवाखालीं चाललेल्या खोट्या फिर्यादी आपण बंद केल्या आहेत. कर मात्र चालूच राहिला.

कांहींस हें सर्व असह्य झालें. इ. स. १३२ ते १३५ ह्या वर्षांत बार कोखबाच्या पुढारीपणाखालीं यहूदी उठले तेव्हां त्यांनीं नवी चांदी शोधली नाहीं. रोमी नाणींच ऐरणीवर घेतलीं आणि कैसराच्या मुखावर द्राक्षांचा घड, वीणा, कर्णे व यरुशलेमाच्या स्वातंत्र्याचीं अक्षरें ठोकलीं. आमच्या इकडे नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ मध्यें तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सांपडला, त्यांतही हीच गोष्ट दिसते. नाणीं भडोचेचा धनी जो क्षत्रप नहपान त्याचीं. त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांशांवर त्याच्या जेत्यानें, गौतमीपुत्र सातकर्णीनें, आपली मुद्रा पुन्हां मारलेली. दोन्ही ठिकाणीं घाव पुरता बसला नाहीं. बार कोखबाच्या कित्येक नाण्यांत द्राक्षांच्या घडाखालून कैसराच्या मुखाची रेषा अजून दिसते.

नाण्यावरील मुखाचा मान कोठवर जाऊं शकतो ह्याची एक गोष्ट तिबिर्याच्याच काळची आहे. इतिहासकार स्वेतोनियस लिहितो कीं त्या काळीं औगुस्ताचें मुख असलेलें नाणें किंवा अंगठी घेऊन शौचकूपांत अथवा वेश्यागृहांत जाणें हाही राजद्रोह ठरूं लागला. आणि फिलोस्ट्रेटस नांवाचा ग्रीक लेखक सांगतो कीं एका धन्यानें आपल्या गुलामास मारलें, तेव्हां तिबिर्याचें मुख असलेलें एक रुप्याचें नाणें त्या गुलामाच्या अंगावर होतें. म्हणून धनी अधर्माच्या अपराधास पात्र ठरला. हें वाचून आम्ही बराच वेळ थांबलों. कनवटीस नाणें नसतें तर? तर त्या पाठीवर कितीही फटके पडले असते आणि कोणीं हूं कीं चूं केलें नसतें. कायद्याच्या दृष्टीनें चांदीवरचें मुख पवित्र होतें. ज्यानें तें कमरेला बांधलें होतें तो मनुष्य नव्हता. एपिक्तेत नांवाचा तत्त्वज्ञ, जो नेरोच्या एका कारभाऱ्याचा गुलाम होता, आपल्या शिष्यांस सांगे कीं नाण्यावर ठसा कोणाचा हें जसें आपण पाहतों, तसें मनुष्याच्या मनावर ठसा कोणाचा हें पाहावें. गुलामीच्या शाळेंत शिकलेल्यासच हें सुचावें ह्यांत नवल नाहीं. आणि इ. स. २०० च्या सुमारास कार्थेज येथील तर्तुल्यनानें प्रभूच्या उत्तराचा अर्थ उघड केला: कैसराची प्रतिमा नाण्यावर आहे, ती कैसरास द्यावी, देवाची प्रतिमा मनुष्यावर आहे, म्हणून मनुष्यानें स्वतःस देवास द्यावें. असें असेल तर त्या धन्यानें कोणाच्या प्रतिमेवर हात उगारला होता?

इकडे ज्या मुखाचा एवढा मान होता त्याखालची चांदी मात्र हळूहळू नाहींशी होत गेली. इ. स. ६४ मध्यें नेरोनें एका रोमी पौंड चांदींत ८४ ऐवजीं ९६ दिनार पाडण्यास सुरुवात केली, आणि चांदींत तांबेंही अधिक घातलें. २१५ मध्यें काराकाल्लानें एक नवें नाणें काढलें. त्याचें मोल दोन दिनारांचें ठरविलें असें समजतात, पण चांदी सुमारें दीड दिनाराची होती. त्यावर राजाच्या डोक्यास सूर्यदेवतेचा किरणांचा मुकुट! किरण वाढले, कस उतरला. गाल्लियेनसाच्या अखेरच्या वर्षांत शंभर भागांत पांच भागही चांदी राहिली नव्हती. वरवर चांदीचा मुलामा आणि लेख शांतीचे, विजयाचे व फौजेच्या निष्ठेचे. २६० मध्यें मिसरांतील ऑक्सिरिंकस गांवीं सराफांनीं दुकानें बंद केलीं, तेव्हां अधिकाऱ्यानें हुकूम काढला कीं दुकानें उघडा आणि राजांचें 'दैवी' नाणें स्वीकारा. तो हुकूम कागदावर जसाचा तसा मिळाला आहे. दैवी नाणें घेण्यास हुकूम लागावा! बद्द वाजणारें नाणें सराफास कानानेंच कळतें. त्यास धर्मशास्त्र लागत नाहीं. कैसराचें कैसरास द्यावें हें खरें, पण कैसरही प्रजेस खऱ्या वजनाचें देणें लागतो, हें त्या बंद दुकानांनीं सांगितलें.

कोणी म्हणेल, तुम्ही नाण्यास निरुपद्रवी ठरविलें, पण रोज पाहिलेलें चित्र मनावर बसत नाहीं काय? आक्षेप योग्य आहे. इ. स. २४९ च्या अखेरीस डेकियस कैसरानें सर्व प्रजेनें देवांस यज्ञ करावा असा हुकूम काढला, आणि यज्ञ केल्याचे दाखले लोकांस देण्यांत आले. मिसरच्या वाळूंत असे चाळिसांहून अधिक दाखले सांपडले आहेत. त्याच सुमारास औगुस्तापासून पुढें देवपदास चढविलेल्या राजांचीं मुखें एका पाठोपाठ एक चांदीच्या नाण्यांवर आलीं. मागें गरुड किंवा पेटलेली वेदी. म्हणजे वेदी आतां नाण्यावरच येऊन बसली. त्या छळांत पुष्कळ ख्रिस्ती पडले. कार्थेजचा बिशप किप्रियान खेदानें सांगतो कीं कित्येक तर कोणी बोलावण्यापूर्वींच आपण होऊन चौकांत धांवत गेले. पण त्यांस कशानें पाडलें ह्याचें निदान करितांना त्यानें नाण्यावरच्या चित्राचें नांव घेतलें नाहीं. त्यानें जमीनजुमला व मालमत्तेचें नांव घेतलें. तीच त्यांच्या पायांतली बेडी होती, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. वर्षानुवर्षें ज्यांनीं मूर्तीच्या छापेकडे डोळा न टाकण्याची काळजी घेतली असेल, त्यांस त्या छापेखालच्या चांदीनें बांधलें.

रुपया धुवून घेणाऱ्या बंधूस आम्ही ही गोष्ट सांगूं इच्छितों, आणि न धुतां घेणाऱ्यासही. पाटावर मांडलेला रुपया घरीं आणल्यास तुमची भक्ति बाटत नाहीं. कारण तुम्हीं हळदकुंकू वाहिलें नाहीं, तुम्हीं माती उपसली. पण तोच रुपया शेजाऱ्याच्या नडींत जबर व्याजानें देतांना, किंवा मजुराच्या हातावर अर्धाच ठेवतांना, धुण्याची आठवण कोणास होत नाहीं, हें आम्हीं अनेक गांवांत पाहिलें आहे.

ह्या विषयांत एक गोष्ट उरते. कोणास वाटेल कीं राजा ख्रिस्ती झाला म्हणजे नाण्याची अडचण संपली. कॉन्स्टंटाइन कैसर ३३७ मध्यें मरण पावला. मृत्यूपूर्वीं त्याचा बाप्तिस्मा झाला होता. त्याच्या पश्चात् त्याच्या ख्रिस्ती पुत्रांनीं तांब्याचीं लहान लहान नाणीं पाडलीं, आणि तीं गरिबांच्या हातांत सर्वत्र गेलीं. एका बाजूस डोक्यावरून पदर घेतलेल्या मृत राजाचें मुख. दुसऱ्या बाजूस तो चार घोड्यांच्या रथांतून वर जात आहे, आणि आकाशांतून देवाचा हात त्यास घेण्यासाठीं खालीं आला आहे. मुखाभोंवतीं लेख आहे, आणि त्याचा पहिला शब्द तोच, जो तिबिर्याच्या दिनारावर औगुस्ताच्या नांवामागें होता: देव.